बोट गेलं, वर 'चूक तुझीच' : कामाच्या जागेवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की कामावरच्या सुरक्षेबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकी पत्रं आली की दोन रात्री वाचतच बसलो होतो. त्यातले पाच प्रश्न इथे घेतोय, नावं आणि कंपन्या काढून टाकल्यात, कारण लिहिणाऱ्यांची नोकरी अजून तिथेच आहे. मी स्वतः कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सेफ्टी ऑफिसर म्हणून, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आधी एक सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राचे चार लेबर कोड, म्हणजे कामगारांच्या कायद्यांच्या नव्या संहिता, लागू झालेत, त्यात 1948 चा कारखाने कायदा आणि 1923 चा भरपाई कायदा वगैरे जुने कायदे सामावून घेतलेत. पण हक्कांचा गाभा तोच आहे, म्हणून "तो कायदा आता राहिला नाही" असं कोणी ऑफिसात बसून सांगत असेल तर घाबरून जाऊ नका.

प्रश्न : सर, माझे मिस्टर भोसरीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर कामाला आहेत, वय 30 पूर्ण, पगार साडेसोळा हजार. दोन महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. कंपनीने प्रायव्हेट दवाखान्यात नेलं, बिल भरलं, आणि आता म्हणतात चूक तुझीच होती, हात आत घातलास कशाला. पन्नास हजार देतो, स्टॅम्प पेपरवर सही कर, नोकरी चालू ठेवतो. मिस्टर सही करायला तयार झालेत. काय करू?

ताई, सही करू नका. आधी हे वाचा, मिस्टरांना वाचून दाखवा, मग ठरवा.

"हात आत घातलास कशाला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी थेट मशीनकडे जातो आणि बटणं बघतो. प्रेसला, म्हणजे वरून पंच आपटून पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पंच खाली यावा म्हणून, म्हणजे पंच येताना दोन्ही हात बाहेर गुंतलेले राहतात. एका शॉपमध्ये मी बघितलं होतं, डाव्या बटणात लाकडाची खुंटी ठोकलेली आणि वरून काळी टेप गुंडाळलेली, टेप इतकी जुनी की कडा तेलाने चिकट होऊन वर आल्या होत्या, म्हणजे कित्येक महिने ते तसंच चालू होतं आणि प्रत्येक शिफ्टचा सुपरवायझर त्याच्या समोरून जात होता. खुंटी ठोकली की एक हात मोकळा होतो, पीस भरायला आणि काढायला, आणि तासाचं टार्गेट पूर्ण होतं. मग एक दिवस पंच खाली येतो तेव्हा तो मोकळा हात डायमध्ये, म्हणजे पंचाखालच्या साच्यात असतो. आणि जुन्या की-क्लचच्या प्रेस तर कधीकधी बटण न दाबता दुसऱ्यांदा मारतात, त्याला मुलं "प्रेस डबल मारते" म्हणतात, त्यात तर माणसाची काडीची चूक नसते. तर मिस्टरांना शांतपणे विचारा, दोन्ही बटणं चालू होती का, लाईट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, होता का, आधी प्रेस डबल मारायची का, आणि ते कोणाला सांगितलं होतं का. आत्ता आठवतंय तोवर तारखांसकट लिहून काढा, सोबतच्या दोघांना विचारा, फोटो किंवा व्हॉट्सअपवरचे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर कामगाराचं लक्ष नव्हतं, घाई केली, एवढ्यावर भरपाई बुडत नाही. मालक सुटतो तो मोजक्या कारणांनी : कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट ऑर्डर त्याने जाणूनबुजून मोडली, किंवा गार्ड माहीत असूनही मुद्दाम काढला. हे सिद्ध करायचं काम मालकाचं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही कारणंही चालत नाहीत. बटण सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत बांधलेलं असेल तर तुमच्या नवऱ्यावर ढकलायला जागाच कुठे उरली.

आता पैशाचं. कंपनीत 10 किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 च्या आत, म्हणजे ईएसआय, सरकारचा कामगार राज्य विमा, लागू व्हायलाच हवा. स्लिपवर 0.75 टक्के कापले जातायत का बघा, स्लिपच देत नसतील तर आधार घेऊन जवळच्या ईएसआयच्या शाखेत जा आणि आयपी नंबर, म्हणजे विमा उतरवलेल्या कामगाराचा नंबर, निघालाय का ते विचारा. निघाला नसेल तरी हक्क जात नाही, कामावरच्या अपघातात पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, ईएसआय महामंडळ तुम्हाला देतं आणि मालकाकडून नंतर वसूल करतं. ईएसआयमधून बरे होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, आणि मग मेडिकल बोर्ड बोट किती टक्के गेलं ते ठरवतं आणि त्याप्रमाणे पुढे कायमचा लाभ सुरू होतो.

आणि ईएसआय खरोखरच लागू नसेल तर भरपाई थेट मालकाकडून. हिशोब तुमच्यासमोरच करतो. पगार कितीही असला तरी हिशोबाला 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्यात वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला असतो, तिसाव्या वर्षाचा 207.98. गुणाकार केला की 18,71,820. तर्जनीची दोन पेरं गेली की कायद्याच्या तक्त्यात 11 टक्के, म्हणजे 2,05,900 रुपये, आणि उपचाराचा खर्च वेगळा. तुम्हाला पन्नास हजार दाखवतायत. ईएसआय आणि ही भरपाई दोन्ही एकाच अपघाताला मिळत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. ठेकेदार हात वर करत असेल तर मूळ कंपनी जबाबदार आहे. महिन्याभरात दिली नाही तर वर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण लांबवलं तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत करायचा.

त्या स्टॅम्प पेपरचं सांगतो, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात रद्दबातल असतो, तेव्हा कोणी आधीच सही करून बसलं असेल तरी संपलं असं समजू नका. पण सही नसलेलीच बरी, उगाच कोर्टात समजावत बसायला लागतं.

आणि एक काम उद्याच करा, दवाखान्याचा केसपेपर मागून घ्या. त्यावर अपघात कसा झाला म्हणून काय लिहिलंय ते बघा. प्रेसमध्ये चिरडलेल्या बोटाच्या केसपेपरवर "घरी दारात बोट सापडले" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, सोबत आलेल्या सुपरवायझरने सांगितलं आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं, पोरगा बिचारा वेदनेने तळमळत होता, त्याला कुठलं कळणार. तसं काही असेल तर लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून मागा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. मशीनची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात, आपल्याकडे सगळे "डिश" म्हणतात ते ऑफिस. तिथे जरूर करा, कारण ती प्रेस आज दुसरा कोणीतरी चालवतोय.

प्रश्न : माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, 12 मुलं आहेत. हेल्मेट, गॉगल, हातमोजे सगळं आणून दिलंय पण कोणी घालत नाही, सांगून सांगून थकलो. पगारातून दंड कापला तर चालेल का? आणि उद्या काही झालं तर जबाबदार मी कसा?

दादा, तुम्ही विचारलंत हेच चांगलं झालं, बरेच मालक अपघात झाल्यावर विचारतात.

दंड कापू नका. सुरक्षेचं सामान मालकाने फुकट द्यायचं, त्याचा एक रुपया कामगारावर टाकता येत नाही, आणि पगारातून मनाने कापणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो. कामगारालाही कायद्याने कर्तव्यं आहेत, दिलेलं साधन वापरायचं, त्याची मोडतोड करायची नाही, स्वतःला आणि शेजारच्याला धोका होईल असं वागायचं नाही, आणि मोडलं तर नव्या कोडमध्ये दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण तो कोर्टात होतो, तुमच्या ऑफिसात नाही. जुन्या कायद्यात तो पाचशे रुपये होता.

मला विचाराल तर आधी गॉगल बघा. एका शॉपमध्ये असंच भांडण चालू होतं, मालक म्हणे मुलं ऐकत नाहीत. मी एका मुलाचा गॉगल घेतला आणि डोळ्यावर लावून ग्राइंडरजवळ उभा राहिलो. मे महिना, वर पत्रा. दोन मिनिटांत आतून वाफ धरली, काचेवर इतके ओरखडे की वेल्डची लाईन दिसेना, नाकावरची पट्टी घामाने घसरायला लागली. त्या मुलाला लाईनबरोबर ग्राइंडिंग करायचं होतं, तो गॉगल काढणार नाही तर काय करणार. मग तीन प्रकारचे वाफ न धरणारे गॉगल आणले, मुलांनाच घालून बघायला दिले, त्यांनी निवडला तो घेतला, आणि महिन्यात भांडण संपलं. काच खराब झाली की न विचारता दुसरा मिळणार हेही सांगून ठेवलं होतं, त्याचाच उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

आणि सगळ्यांना सगळं घालायला लावू नका. ड्रिल मशीनवर हातमोजा घातला तर तो बिटमध्ये अडकून अख्खा हात ओढला जातो, तिथे हातमोजा नकोच, गमछा आणि सैल बाहीही नको. ग्राइंडरचं गार्ड काढून मोठी चकती लावलीय का ते रोज सकाळी स्वतः बघा, चकतीवर लिहिलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ती फिरता फिरता फुटते आणि तिचा तुकडा गॉगलच काय हेल्मेटलाही ऐकत नाही. म्हणजे आधी गार्ड, अर्थिंग, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), धूर ओढणारा पंखा, हे झाल्यावर मग हेल्मेट. उलट्या क्रमाने केलं की सगळा भार त्या मुलाच्या डोक्यावर येतो, आणि तुम्ही "मी तर दिलं होतं" म्हणून मोकळे होता.

जबाबदार तुम्ही कसे, तर जागा तुमची, मशीन तुमचं, काम तुम्ही वाटता. नव्या कोडमध्ये वीज वापरणारा कारखाना म्हणजे 20 कामगार असं झालंय, त्यामुळे काही जणांना वाटतंय आपण सुटलो, पण 10 किंवा जास्त माणसांच्या कुठल्याही आस्थापनेला मालकाची कर्तव्यं लागूच आहेत. कर्तव्य न पाळल्यामुळे माणूस गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त हिस्सा घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. ट्रेनिंग द्या, पण मुलं बिहारची, ओडिशाची असतील तर मराठीत बोर्ड लावून उपयोग नाही, त्यांच्या भाषेत सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, आणि वहीत तारीख टाकून सह्या घ्या. ती वही तुमच्याही कामाची आहे. ईएसआय काढलं नसेल तर या आठवड्यात काढा.

प्रश्न : मी केमिकल प्लांटमध्ये अप्रेंटिस आहे, वय 22, मुलगी. रिॲक्टरचं मॅनहोल उघडून सँपल काढायला सांगतात, आत टोल्युईन असतं, मास्क म्हणून कापडाचा देतात. दोनदा चक्कर आली. नाही म्हटलं तर सर्टिफिकेट अडवतील अशी भीती वाटते. नाही म्हणता येतं का?

बाळा, चक्कर येणं म्हणजे तुझं शरीर तुला सांगतंय, ते ऐक.

कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क टोल्युईनसारख्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे पटकन उडून जाणाऱ्या द्रावकाच्या, वाफेला काहीही अडवत नाही, वाफ त्यातून सरळ जाते. त्याला ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज (अशी वाफ शोषून घेणारी डबी) असलेला रेस्पिरेटर लागतो, तोही तोंडाला घट्ट बसणारा, आणि कार्ट्रिज ठरलेल्या वेळेला बदललेला. पण खरं म्हणजे मॅनहोल उघडायचीच गरज पडू नये, बंद लाईनमधून सँपल घ्यायची सोय करता येते. आणि सँपल प्लास्टिकच्या बादलीत किंवा मगात काढत असाल तर ते आजच थांबवा, प्लास्टिकवर स्टॅटिक वीज साठते, टोल्युईनच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

तुला कायद्याने काय मिळतं, तर कशाबरोबर काम करतेस त्याची माहिती, म्हणजे त्या केमिकलची एमएसडीएस (धोके आणि काळजी लिहिलेला माहितीचा कागद) मागायचा हक्क, ट्रेनिंगचा हक्क, आणि जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचा हक्क. मालकाने त्यावर लगेच काहीतरी करायचं असतं. अप्रेंटिसलाही सुरक्षेच्या तरतुदी लागू आहेत आणि काम करताना इजा झाली तर भरपाईही, 1961 च्या अप्रेंटिस कायद्यातच हे लिहिलंय, त्यामुळे "तू कामगार नाहीस" हे उत्तर चालत नाही. भोपाळमध्ये 1984 ला जे झालं त्यानंतर 1987 मध्ये धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण कारखाने कायद्यात आलं, हजारो माणसं गेल्यावर मिळालेले हक्क आहेत हे, वापरायला लाजू नकोस.

आता सर्टिफिकेटची भीती. मी तुला "नाही म्हणून टाक" असं सांगून मोकळा होणार नाही, कारण उद्या सकाळी तिथे तू एकटी असणार आहेस. म्हणून "नाही" ऐवजी लेखी विचार, मेल किंवा मेसेज, अगदी साध्या शब्दांत : "सर, अमुक तारखेला सँपलिंग करताना चक्कर आली, तमुक तारखेला पुन्हा आली. ऑरगॅनिक व्हेपर रेस्पिरेटर मिळाल्यावर काम करते. तोपर्यंत सँपलिंगला काय करायचं कृपया सांगावे." यात उद्धटपणा काही नाही, नकारही नाही, आणि चेंडू त्यांच्याकडे गेला. सेफ्टी ऑफिसर असेल तर त्यांनाही पाठव, आमच्यापैकी बरेच जण अशा लेखी मेसेजची वाटच बघत असतात, कारण तो हातात असला की मॅनेजमेंटकडे खर्च मंजूर करून घेता येतो. दवाखान्यात जाऊन चक्कर आल्याची नोंद करून ठेव. आणि आई-बाबांना सांगितलं नसशील तर सांग.

प्रश्न : वडील सिक्युरिटीत होते, रात्रपाळीला जाताना मोटारसायकलचा अपघात होऊन गेले. एजन्सी म्हणते कामावर पोचलेच नव्हते. काही मिळेल का?

मिळू शकतं, आणि यातला महत्त्वाचा निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या केसचा आहे. साखर कारखान्याचा एक वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी, 2003 च्या एप्रिलमध्ये कामावर जाताना कारखान्यापासून साधारण पाच किलोमीटरवर अपघात होऊन वारला. तेव्हाच्या उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी घरच्यांना भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली, आणि शेवटी 29 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने परत दिली. घरातून कामावर निघालेला माणूस, वेळ, जागा आणि ड्युटी यांचा संबंध लागत असेल तर तो अपघात कामामुळेच झाला असं धरायचं, असं कोर्टाने सांगितलं. ईएसआयमध्ये तर ही तरतूद 2010 पासून आहे आणि आता नव्या कोडमध्येही लिहून आलीय. त्या कुटुंबाची बावीस वर्षं गेली या सगळ्यात, हे लिहिताना वाईट वाटतं, तुमची जाऊ नयेत.

म्हणून संबंध दाखवणारे कागद आजच गोळा करा : ड्युटी चार्ट, हजेरीचा मेसेज, सुपरवायझरला केलेला शेवटचा फोन, अंगावर युनिफॉर्म होता का, पंचनाम्यात जागा आणि वेळ नीट आहे का. वाहनाच्या इन्शुरन्सचा दावा आणि हा दावा यातला कुठला करायचा ते वकिलाला विचारून ठरवा, दोन्हीकडून एकाच मृत्यूची भरपाई घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सेप्टिक टँकची सफाई दिवाळीआधी करायचीय. ठेकेदार म्हणतो दोन माणसं आत उतरवतो, स्वस्तात होईल, ट्रकवाला दुप्पट मागतोय. मी सेक्रेटरी आहे, माझी काही जबाबदारी येते का?

येते, पूर्णच्या पूर्ण येते. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, ठेकेदार मध्ये असला म्हणून काम सांगणारा सुटत नाही, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारात उतरून होणाऱ्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली.

पण पैसे आणि कलमं बाजूला ठेवून आत काय होतं ते सांगतो. टाकीतल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास. झाकण उघडल्यावर वास येतो, थोड्या वेळाने येईनासा होतो, आणि वरचे म्हणतात गॅस गेला, उतर. गॅस गेलेला नसतो, जास्त प्रमाणात असला की तो नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो. उतरणारा दोन श्वासांत कोसळतो. वरचा दुसरा, बऱ्याचदा भाऊ किंवा गाववाला, त्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो. म्हणून अशा बातम्यांत एकाऐवजी दोन, तीन माणसं गेलेली असतात. मेणबत्ती किंवा काडी सोडून बघणं, पाणी मारणं, यातल्या कशानेही आत श्वास घ्यायची हवा आहे की नाही ते कळत नाही, उलट मिथेन असेल तर काडीने भडका उडतो. त्याला गॅस मीटर लागतो, आत हवा मारायचा ब्लोअर लागतो, हवा पुरवणारा मास्क, हार्नेस आणि वर तिकाटण्यावर दोरी धरलेली माणसं लागतात, आणि एवढं सगळं करूनही माणूस उतरवायची वेळ येऊ नये म्हणूनच सक्शन ट्रक असतो.

ट्रकवाला दुप्पट मागतोय ते सगळ्या फ्लॅटमध्ये वाटून किती येतात ते मीटिंगमध्ये आकडा काढून दाखवा, लोक देतील. महापालिकेलाही विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांचा ट्रक असतो. आणि ठेकेदाराला आजच फोन करा, उद्यावर ठेवू नका, कारण ही माणसं कधी कधी ठरलेल्या दिवसाआधीच सकाळी येऊन झाकण उघडतात आणि वॉचमनशिवाय कोणाला पत्ताही नसतो. वॉचमनलाही सांगून ठेवा, ट्रक गेटातून आत आल्याशिवाय झाकणाला कोणी हात लावायचा नाही.